सपाटीवर केलेली घाटाची तयारी

मोटारींच्या शर्यती ज्याने काढल्या त्या माणसाला घरी काही काम नसावं, असं माझं स्पष्ट मत आहे. माणूस मोटारीत बसतो तो कुठेतरी पोचायला. इथे अठरा शहाणे अठरा मोटारींत बसतात, रिकाम्या पिंपांना वळसे घालत चाळीस फेऱ्या मारतात, टायर झिजवतात, इंजिनं तापवतात, आणि जिथून निघाले तिथेच येऊन उतरतात. वर लोक टाळ्या वाजवतात. हा उद्योग मी घरी पहिल्यांदा समजावून सांगितला तेव्हा आमची मंडळी भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "सात फेऱ्यांत बायका सात जन्मांचा नवरा मागून घेतात. चाळीस फेऱ्या मारून हे काय मागतात?"

"कप."

"सोन्याचा?"

"चांदीचा. म्हणजे वरून मुलामा."

"मग त्यापेक्षा नवरा बरा," ती म्हणाली. माझ्याबद्दल तिने आजवर काढलेले हे सर्वांत चांगले उद्गार.

तर अशा या धंद्यात मी एक अख्खा हंगाम घालवला. त्याला आता दहा-बारा वर्षं झाली. आमची मुलं आल्यागेल्याला सांगतात, "आमचे बाबा रेसमध्ये होते." पाहुणा माझ्याकडे बघतो, माझ्या पोटाकडे बघतो, आणि विषय बदलतो. मी रेसमध्ये होतो म्हणजे कसा होतो, ते एकदा लिहूनच टाकतो. प्रत्येक पाहुण्याने चहाबरोबर विषय बदललेला बघायचा कंटाळा आला आहे.

माझं गॅरेज पनवेलात, पुण्याच्या रस्त्याला, पळस्प्याकडे तोंड करून. मुंबईची गाडी ठाणे-मुंब्रा करत पनवेलला येते तोवर गाडीवाला ऐटीत असतो. पनवेल सोडलं की त्याला घाट आठवतो. मग तो आमच्या दारात गाडी उभी करून उगाचच विचारतो, "जरा बघता का हो, सगळं ठीक आहे ना?" आमचा सगळा धंदा या एका प्रश्नावर चालला. घाटाच्या भीतीवर पनवेलच्या निदान सहा मेस्त्र्यांनी घरं बांधली. माझं सातवं, पण त्याला अजून गिलावा नाही.

घाटाची तयारी म्हणजे काय, तेही सांगतो. पंख्याचा पट्टा ताणायचा, रेडिएटर धुवायचा, बंपरला पाण्याची कॅनव्हासची पिशवी अडकवायची, आणि झडप काढायची. ही झडप काय असते? इंजिनातलं गरम पाणी ज्या नळीने रेडिएटरकडे जातं, त्या नळीच्या तोंडाशी पितळेची एक वाटीएवढी झडप बसवलेली असते. इंजिन गार असेपर्यंत ती मिटलेली, तापलं की उघडते. पुस्तकात तिला थर्मोस्टॅट म्हणतात. थंड मुलखातल्या माणसांनी थंड मुलखासाठी काढलेली वस्तू. वैशाखात बोरघाटाच्या मध्यावर ती अडून बसली की गाडी चुलीवरच्या भाताच्या टोपासारखी खदखदते. म्हणून पनवेलचा कुठलाही मेस्त्री इंजिनाचं डोकं उघडलं की पहिल्यांदा झडप काढून डब्यात टाकतो. विचारत नाही, सांगत नाही. गाडीवाल्याला पत्ताही नसतो. देवळात शिरताना चपला काढतो तसं ते हाताला बसलेलं. आमच्या गॅरेजात खोबरेल तेलाचा एक मोठा डबा अशा झडपांनी भरलेला होता. तो डबा मला माझ्या हुशारीचा हिशेब वाटायचा.

एका उन्हाळ्यात बिपिनशेठ नावाच्या रंगांच्या व्यापाऱ्याची गाडी घाटातून ओढून आमच्याकडे आली. मी नेहमीचं केलं. गाडी दुसऱ्या दिवशी एका दमात घाट चढून गेली. शेठ परतताना मुद्दाम थांबला. पांढरे बूट, पांढरी पँट, आणि गॅरेजात कुठेही टेकायची चोरी.

"मेस्त्री, तुमच्या हातात जादू हाय," शेठ म्हणाला. "मी रेसची नवी गाडी घेतली हाय. तुमी माझा मेस्त्री."

मला वाटलं, घोडे. पण नाही, मोटारच होती. चार दारांची, घरगुती, कुणीही दुकानातून घेऊन बायको-मुलांसह देवाला जावं अशी. शेठने तिला स्वतःच्या दुकानातले तीन रंग दिले होते, त्यामुळे ती वरातीतल्या गाडीसारखी दिसायची. शर्यतीचा नियमच असा होता, की गाडी बाजारात मिळते तशीच हवी. कारखान्यातून आली तशी. एक स्क्रू जास्त नाही, एक कमी नाही. आता, आहे तशीच ठेवायची तर मेस्त्री कशाला हवा, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

असल्या पाच शर्यती दसऱ्यापासून उन्हाळा लागेपर्यंत. प्रत्येकीत नंबरावर गुण, आणि पाचांच्या बेरजेत जो पहिला तो हंगामाचा विजेता. जागा कुठली, तर लढाईच्या काळात गोऱ्या सैन्याने विमानांसाठी बांधलेली आणि नंतर टाकून दिलेली एक सिमेंटची पट्टी. फटीफटीतून गवत आलेलं. वळणांवर पांढरी रंगवलेली पिंपं आणि पेंढ्याच्या गाठी. चालवणारे सगळे हौशी. हौशी म्हणजे ज्याने गाडी ठोकली तर घरी दुसरी उभी असते असा माणूस. शेठही हौशीच होता. पहिल्या सरावात त्याने चार पिंपं पाडली, पाचव्याशी गाडी थांबवली, खाली उतरला आणि म्हणाला, "मेस्त्री, एक सारा, एकदम चांगला ड्रायव्हर बघा. पगारी."

मी उस्मानला नेला.

उस्मान आमच्या पनवेलचाच. मोहल्ल्यातला, तिशीचा, सडपातळ, बोलायला कमी. आठ वर्षं ट्रक चालवत होता. खाली रोडपालीकडच्या आगरांतलं मीठ भरायचं, घाट चढून पुण्याला टाकायचं, तिकडून गूळ-कांदे घेऊन यायचं. मिठाची गाडी घाटात चालवणारा माणूस वळणावर कधी ब्रेक मारत नाही. वळणाच्या आधीच गाडीला समजावून घेतो. हौशी लोक सरळ पट्टीवर आरडाओरडा करत पुढे जायचे आणि वळणावर पेंढ्यात शिरायचे. उस्मान त्यांच्या बाजूने सुपारी कातरत निघाल्यासारखा शांतपणे निघून जायचा. पहिल्या तीन शर्यतींत तो एकदा दुसरा आणि दोनदा पहिला आला. हौशी मंडळी त्याला हात मिळवायची नाहीत. पगारी माणूस ना! स्वतःच्या पैशाने हरणं त्यांना जास्त सभ्य वाटायचं.

तिसऱ्या शर्यतीला एका मोटार-कारखान्याचा साहेब आला होता. राखाडी हॅट, तोंडात न पेटवलेली चिरूट. त्याने उस्मानला बाजूला घेतलं. नव्या गाड्या बाजारात जाण्याआधी चालवून बघायला त्यांना माणूस हवा होता. दिवसाचं काम, राहायला कारखान्याची खोली. पण वरचे साहेब ट्रकवाल्याला घ्यायला तयार होणार नाहीत, म्हणून तो म्हणाला, "हंगामाचा पहिला नंबर घेऊन ये. मग माझ्याजवळ बोलायला काहीतरी असेल."

उस्मानने हे मला गॅरेजात येऊन सांगितलं. आणि वर जे सांगितलं ते मी आमच्या मंडळींशिवाय आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. त्याची मुलगी तीन वर्षांची होती. "मेस्त्री, परवा मी घरात शिरलो तर पोरगी आईला बोलते कशी, पावना आला," तो म्हणाला. हसत म्हणाला. पण नंतर बराच वेळ तो टायरच्या ढिगावर बसून राहिला.

चौथ्या शर्यतीत तो पहिल्या दोघांत आला, की पाचवी नुसती नावापुरती होती.

चौथ्या शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, पळस्प्याच्या रस्त्यावर गाडी फिरवून आणली तर इंजिनाच्या डोक्याखालून पाण्याची बारीक धार. गॅस्केट गेलं होतं. ते बदलायला नियमाची हरकत नव्हती. मी आणि माझा जोडीदार पांडू घरत कामाला लागलो. पांडू रोडपालीचा, आगरात मीठ ओढून खांदे झालेला, टायर काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. दोघांनी मिळून डोकं उतरवलं, नवं गॅस्केट घातलं, एकेक नट मोजून आवळला. बर्वेसाहेबांनी दिलेली नियमांची यादी मी भिंतीला चिकटवली होती. तीत जे जे करू नका म्हटलं होतं ते ते मी केलं नाही. काम करता करता तिची प्रत्येक ओळ पांडूला वाचून दाखवली. मोठ्या अभिमानाने हात धुतले.

हे बर्वेसाहेब म्हणजे शर्यतीचे तपासनीस. कुठल्याशा तांत्रिक शाळेत शिकवायचे. चष्म्याला काळी दोरी, खिशात तीन मापं. शर्यत संपली की पहिल्या तीन गाड्या ते स्वतः उघडून बघायचे. मला त्यांचा मनापासून तिटकारा होता. आयुष्यात कधी घाटात अडकला नाही असा माणूस दिसला की मला होतोच.

रविवारी सकाळी गाडी सुरू केली तर उस्मान म्हणाला, "मेस्त्री, काटा वर येत नाय हां."

तापमानाचा काटा खालच्या अंगालाच बसून होता.

"मग नवस फेड," मी म्हणालो. "लोकांचे वजनाचे काटे खाली यायला पोळी-भाजी सोडावी लागते. तुझा आपोआप खाली आहे तर तक्रार कसली?"

"ओढत पन नाय नेहमीसारखी."

"तुला नेहमी ट्रकची सवय. जा."

निशाण पडलं. पहिल्या दहा फेऱ्यांतच मला दिसलं, की सरळ पट्टीवर आमची गाडी मागे पडते आहे. जिथे ती बाकीच्यांच्या बरोबरीने जायची तिथे आज हातभर मागे, दोन हात मागे. मी दोरीशी उभा राहून उस्मानला शिव्या घालत होतो. "झोपलाय! पाय ठेवायला घाबरतोय! नोकरी दिसली आणि हातपाय गळाले याचे!" शेजारी पांडू उभा होता. तो म्हणाला, "मेस्त्री, त्याचा पाय नाय, गारीच जीव धरत नाय." मी त्याला सांगितलं, तू टायर बघ.

सरळ पट्टीवर जे जात होतं ते उस्मान वळणावर परत आणत होता. प्रत्येक फेरीत. पिंपाला इतका लागून जायचा की पांढरा रंग दाराला लागायचा. बत्तिसाव्या फेरीला चौथा. सदतिसाव्याला दुसरा. शेवटच्या वळणावर पुढचा हौशी जरा मोठं वळण घेऊन आपल्या ओळखीच्या बायकांकडे बघायला गेला असावा. तो पेंढ्याला घासला आणि आमची तिरंगी वरात आतल्या अंगाने निघून गेली. पहिली!

मी नाचलो. माझं वजन बघता ते दृश्य बघण्यासारखं नसणार. पांडूने मला उचललं, त्याला जमलं हे विशेष. शेठने उस्मानच्या गळ्यात हार घातला आणि फोटोसाठी स्वतः मध्ये उभा राहिला. राखाडी हॅटवाला साहेब दोरीपलीकडे चिरूट चघळत हसत होता.

मग तपासणी. बर्वेसाहेबांनी बॉनेट उघडलं. कार्बुरेटर मोजला, बरोबर. डोकं उघडून सिलिंडर मोजले, बरोबर. मी छाती काढून उभा. "साहेब, कुठलाही नट धरा," मी म्हणालो. "पनवेलचं काम आहे."

पण गाडी येऊन थांबली तेव्हाच बर्वेसाहेबांनी आतला काटा बघून ठेवला होता. चाळीस फेऱ्या जीव तोडून धावलेली गाडी आणि काटा निम्म्याच्याही खाली. त्यांनी पाण्याच्या नळीचं तोंड सोडवलं, आत बोट घातलं.

"मेस्त्री, इथे काय असतं?"

आणि वाचकहो, मी काय उत्तर दिलं असेल? मला शंकासुद्धा आली नाही. शाळेत तपासनीस आल्यावर पहिल्या बाकावरचा मुलगा बोलतो तसा मी बोललो, "झडप असते साहेब! पण आम्ही ती काढतो. झडप काढल्याशिवाय पनवेलची गाडी घाट चढत नाही. माझ्याकडे डबा भरून आहेत!"

बर्वेसाहेबांनी चष्मा काढला. मागे ती सिमेंटची पट्टी होती, इथून तिथपर्यंत परातीसारखी सपाट.

"इथे घाट कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मला कळलं.  शनिवारी डोकं उतरवताना माझ्या हाताने झडप काढून डब्यात टाकली होती. मी नियमांची यादी पांडूला वाचून दाखवत होतो तेव्हाच कधीतरी. तोंड नियम वाचत होतं आणि हात मोडत होता.

शेठ पुढे आला. "हे काय केला तुमी?" असं तो मला म्हणाला, पण लगेच सावरला. बर्वेसाहेबांनी नियम वाचला: गाडी बाद, आजचे गुण गेले. शिवाय फेरफार मुद्दाम केला असेल तर ज्याने करायला सांगितला त्याला पुढे कायमची बंदी. "कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "मला लेखी लागेल."

"मला काय पण ठाऊक नाय," शेठ म्हणाला. मग मला एका बाजूला ओढून हळूच, "बोला ना, उस्मान बोलला. मालकावर आला तर क्लबातून माझं नाव जाईल. त्याचं काय जातं? ट्रकवाला माणूस, ट्रकवर जाईल. तुमी माझ्याकडे मुंबईला या. मोठा वर्कशॉप करू. तुमचा नाव वरती, माझा खालती."

मी लगेच नाही म्हटलं, असं लिहायला मला आवडलं असतं. आमच्या घरी ही गोष्ट मी बरीच वर्षं तशीच सांगितली. खरं असं, की मी गप्प राहिलो. वर्कशॉपचा मोह होता, नाही असं नाही. पण त्याहून मोठी होती लाज. चारचौघांत, त्या दोरीच्या चष्म्यासमोर, 'मी विसरलो' म्हणायची लाज. वीस वर्षं गावाला शहाणपण शिकवलेल्या माणसाला हे दोन शब्द फार जड जातात. उस्मानने सांगितलं म्हटलं असतं, तर मी निदान मूर्ख ठरलो नसतो. नुसता लबाड. त्या क्षणी मला लबाड बरा वाटत होता.

उस्मान गाडीच्या मडगार्डला टेकून उभा होता. गळ्यात हार तसाच. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. तो जवळ आला आणि म्हणाला, "मेस्त्री, तुमी जे सांगाल तेच मी पन सांगन. तुमचं गॅरेज हाय, चार लोकांत नाव हाय. माझं काय, मिठाची गाडी कुठं पलून जात नाय."

त्याने टोमणा मारला असता तर मी कदाचित टिकलो असतो.

मी बर्वेसाहेबांकडे कागद मागितला. बॉनेटवर ठेवून लिहिलं: 'मी, पनवेलचा मोटार मेस्त्री, लिहून देतो की या गाडीची झडप मी माझ्या हाताने काढली. मला कोणीही सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरला आणि मालकाला त्याची कल्पना नव्हती. मी सवयीने काढली आणि काढली हे विसरलो. झडप माझ्या गॅरेजातल्या डब्यात आहे.' खाली सही केली. कागदावर ग्रीसचा अंगठाही उमटला, तो न मागता.

बर्वेसाहेबांनी तो दोनदा वाचला. मग जे म्हणाले त्याने माझं उरलंसुरलं गेलं.

"मेस्त्री, ही झडप काढल्याने सपाट रस्त्यावर गाडीचा फायदा होत नाही, हे माहीत आहे ना?"

"म्हणजे?"

"इंजिन गारठलेलं राहतं. जोर कमी पडतो, पेट्रोल जास्त पितं. तुम्ही याच्या पायात दगड बांधून याला पळायला लावलंत. आणि हा पहिला आला." त्यांनी कागदाची घडी केली. "पण नियम म्हणजे नियम. गाडी बाद."

मी वळून पाहिलं. राखाडी हॅटवाला साहेब बर्वेसाहेबांच्या मागे तीन पावलांवर उभा होता. त्याने चिरूट खिशात ठेवली, काही न बोलता गाडीत बसला आणि गेला. बक्षिसांसाठीसुद्धा थांबला नाही.

मला पुढे शर्यतीच्या दोरीच्या आत पाऊल टाकायला बंदी झाली. शेठ गाडी घेऊन परस्पर मुंबईला गेला. आम्ही तिघे एस.टी.ने परत आलो. उस्मान खिडकीशी बसला होता, हार मांडीवर. मुंब्र्याच्या पुढे पांडूला राहवेना. "मेस्त्री," तो म्हणाला, "चोर आमी लय पायले. पन चोरी करून आपल्याच घरातला हंडा बाहेर फेकनारा नाय पायला."

उस्मान हसला नाही. पनवेलला उतरल्यावर बघितलं, तर त्याने हार एस.टी.च्या बाकावरच सोडला होता.

घरी मंडळींनी विचारलं, "कितवे?"

"पहिले."

"मग तोंड असं का?"

मी सांगितलं. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "त्या पोरीला काय सांगणार आता?" आणि मला वाढलं.

पाचव्या शर्यतीला शेठने आपल्या मेव्हण्याला बसवलं. तो अकरावा आला, आणि दोन पिंपं घेऊन आला. त्याचं मला काही वाटलं नाही. उस्मान ट्रकवर परत गेला. पूर्वी तो आमच्या दारावरून जाताना भोंगा वाजवायचा. आता मिठाची गाडी मुकाट निघून जायची. मी खाली वाकून कुठल्यातरी गाडीच्या पोटात काहीतरी बघायचो. होळीच्या सुमारास तर ट्रकवर दुसराच ड्रायव्हर दिसायला लागला. उस्मान कुठे गेला म्हणून मोहल्ल्यात जाऊन विचारायचा मला धीर झाला नाही. पांडूला पाठवणार होतो, पण पांडू म्हणाला, "तुमचं तुमी जा."

मी शर्यतींबद्दल जे वाईट बोलतो ते तेव्हापासून. ज्या नियमाने हरणाऱ्या गाडीला लबाड ठरवलं आणि जिंकणाऱ्या माणसाला ट्रकवर पाठवलं, त्याचं कौतुक मला सांगू नका. पण त्या नियमाला हात माझा लागला होता. हेही मी कोणी विचारलं तर सांगतो. कोणी विचारत नाही.

वैशाखात एका भर दुपारी एक नवी कोरी गाडी वाफ सोडत आमच्या अंगणात शिरली. असलं रूप मी पूर्वी पाहिलं नव्हतं. कारखान्याचं नाव दिसू नये म्हणून त्यावर गोणपाट शिवलेलं, नंबराच्या जागी चाचणीची लाल पाटी. मागच्या सीटवर टाय बांधलेले दोन इंजिनियर, घामाने निथळलेले, मांडीवर वह्या. चालवत होता उस्मान.

तो उतरला. आम्ही दोघांनी आधी गाडीकडे पाहिलं, ते सोपं होतं.

"घाट चढताना तीन वेळा उकळली," तो म्हणाला. "मागं फिरवली, खोपोलीपासून पाणी घालत आणली."

"हिशेबाप्रमाणे उकळायला नको," मागून एक इंजिनियर म्हणाला. त्याने वही उघडून हिशेब दाखवला. हिशेब सुरेख होता.

मी उस्मानला विचारलं, "हे कधीपासून?"

"होळीपासून. तो हॅटवाला सायेब बर्वेसायबांकडून तुमच्या कागदाची नक्कल घेऊन गेलेला. वर दाखवला. बोलला, गार इंजिनावर जो पयला येतो त्याच्याकडून आनी कसला दाखला मागता?"

"आणि मला सांगायला आज आलास?"

"राग होता मेस्त्री."

"आता नाही?"

"आता ही उकळते हाय," तो म्हणाला आणि बॉनेट उघडलं. "काढा ती."

"काय काढू?"

"माहीत नाय तुमाला? तीच."

मी दोन्ही हात पाठीमागे धरले. पांडू टायर सोडून बघायला आला.

"कारखान्याची गाडी आहे," मी म्हणालो. "आहे तशीच ठेवलेली बरी."

"मेस्त्री!"

"लिहून दे."

 उस्मानने इंजिनियरच्या वहीतला कागद फाडून घेतला, बॉनेट गरम होतं म्हणून पांडूच्या पाठीवर ठेवला आणि लिहिलं, की झडप माझ्या सांगण्यावरून काढावी. खाली सही केली. सही मी ओळखत होतो. तिच्याखाली त्याने आणखी एक ओळ लिहिली होती, ती मला नवीन होती: ट्रायल ड्रायव्हर.

ती ओळ मी दोनदा वाचली. मग पाना उचलला.